विसानंतर एकेचाळीस

कुठेही काही चुकलं की शशिकांतराव ठोसरांच्या मनात पहिला संशय कोणावर जाणार हे ठरलेलं असे. तो स्वतःवर जाई. घरातला दिवा विझला तर बटण आपणच दाबलं असणार. दूध नासलं तर भांडं आपण नीट धुतलं नसणार. त्यांच्या पत्नी हेमलताबाई म्हणत, "यांना पोलिसांनी पकडायची गरज नाही. हे आपणच ठाण्यावर जाऊन बसतील, आणि शिपायाला विचारतील, भैया, काय केलं मी?"

जबलपूरच्या बाहेर संरक्षण खात्याचे कारखाने आहेत. त्यांतल्या एकाच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये शशिकांतरावांनी छत्तीस वर्षं काढली. कारखान्यात काय बनतं हे त्यांनी कधी जवळून पाहिलं नाही. त्यांच्याकडे असत त्या नकाशांच्या गुंडाळ्या आणि रजिस्टरं. कोणता नकाशा कोणी नेला, कधी आणला, कोणत्या कपाटात ठेवला, एवढंच त्यांचं जग. त्या सेक्शनची एक रीत होती. रजिस्टरचं पान भरलं की शेवटची नोंद पुढच्या पानाच्या डोक्यावर तांबड्या शाईने पुन्हा लिहायची आणि मग खाली नवी नोंद सुरू करायची. म्हणजे पान फाटलं, गळलं, चिकटलं, तर लगेच कळावं. तपासणीची रीत आणखी कडक होती. तपासलेल्या पानावर सही करायची, उलटायचं, आणि साहेबाने सांगितल्याशिवाय ते परत उघडायचं नाही.

नोकरीच्या मध्यावर केव्हातरी एक नकाशा हरवला. चौकशी अजून सुरूही झाली नव्हती, तोवर शशिकांतरावांनी कागद घेतला आणि लिहून दिलं, 'माझ्या नजरचुकीने सदर नकाशा गहाळ झाला असण्याची शक्यता आहे.' पुढे चार महिन्यांनी तो नकाशा साहेबांच्याच कपाटात, जुन्या कॅलेंडरच्या गुंडाळीत सापडला. साहेब हसले. पण शशिकांतरावांना मिळालेलं ताकीदपत्र फायलीत राहिलं, आणि ते काढून टाका असं सांगायला ते कधी गेले नाहीत. साहेबांनी नकाशा तिथे ठेवला तेव्हा आपण आठवण करून द्यायला हवी होती, असं त्यांचं मत पडलं.

निवृत्तीनंतर ते सदर बाजाराजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात राहत, सकाळी फिरून येत, आणि आठवड्यातून तीनदा सराफ्यातल्या मराठी वाचनालयात जात. एका सोनाराच्या दुकानावरचा माडीवजा हॉल, त्यात आठ हजारांवर पुस्तकं. पूर्वी तिथे संध्याकाळी बसायला जागा मिळत नसे. आता पंखा सुरू करायलाही माणूस नसे. वाचनालय चालवणाऱ्या मंडळाचे कार्यवाह भय्यासाहेब दाणी कुलूप उघडत, शशिकांतराव समोर बसत, आणि दोघं दीड तास वेगवेगळी वर्तमानपत्रं वाचत.

गेल्या वर्षी घरमालकाने हॉल परत मागितला. मुदत नोव्हेंबरअखेरची. सिविल लाइंसमध्ये एका सभासदाने आपल्या बंगल्याची मागची खोली दिली. त्या खोलीत रॅक लावून जेमतेम तीन हजार पुस्तकं मावणार होती. बाकीची कोणी घ्यायला तयार नव्हतं. भय्यासाहेबांनी नागपूरपर्यंत फोन केले. सगळीकडे जागेचीच अडचण. शेवटी मंडळाने ठरवलं, जी ठेवायची ती ठेवू, उरलेली रद्दीत जातील. ठरावात वाक्य होतं: 'ज्या पुस्तकावर ठेवावे अशी खूण नसेल, ते काढण्यात यावे.'

कोणतं ठेवायचं हे ठरवणार कोण? सगळ्यांनी शशिकांतरावांकडे पाहिलं. त्यांनी पुस्तकं सगळ्यांत जास्त वाचली होती, आणि ते नाही म्हणणार नाहीत याची सगळ्यांना खात्री होती.

भय्यासाहेबांची सून समिधा घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं संगणकाचं काम करी. कार्ड ठेवण्याच्या जुन्या लाकडी खणांतली सगळी नावं तिने दोन वर्षांपूर्वीच मंडळाच्या वेबसाइटवर चढवून ठेवली होती. आता तिने त्यात प्रत्येक पुस्तकासमोर दोन बटणं घातली, 'ठेवावे' आणि 'काढावे'. कोणतंही एक दाबलं की पुस्तक तपासायच्या यादीतून निघून जायचं. आपला जुना लॅपटॉप घेऊन ती शशिकांतरावांकडे आली आणि यादी उघडून दाखवायला बसली. आठ हजार दोनशे चाळीस नावं एकदम मागितल्यावर लॅपटॉपने मान टाकली. पाच मिनिटं नुसतं चक्र फिरत राहिलं. हेमलताबाईंनी तेवढ्यात पोहे करून आणले.

"सॉरी काका," समिधा म्हणाली. "एवढं सगळं एकदम नाही येणार याच्यात. मी तुकडे करून देते. एका पानावर वीस. वीस झाले की खाली 'पुढचं पान' दाबायचं."

"किती पानं होतील?" शशिकांतरावांनी विचारलं.

"चारशे बारा."

शशिकांतरावांना हायसं वाटलं. पान म्हटलं की ते त्यांच्या ओळखीच्या मुलुखात आले होते.

एक नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता ते जेवणाच्या टेबलाशी बसले. एका वहीत त्यांनी तीन रकाने आखले: पान, पासून, पर्यंत. पहिल्या पानावरचं पहिलं नाव 'पासून'मध्ये, विसावं 'पर्यंत'मध्ये. मग एकेका नावाचा विचार. वाचलेलं असेल तर आठवायचं, नसेल तर सराफ्यात जाऊन चाळून यायचं. वीसही निकालात निघाले की वहीत छोटी सही, आणि 'पुढचं पान'. मागचं पान त्यांनी एकदाही उघडलं नाही. तपासलेलं पान कशाला उघडायचं?

रोज पंधरा पानं होत. पानाच्या वर कोपऱ्यात एकूण पानांचा आकडा येई. पहिल्या पानाला तो चारशे बारा होता, मग चारशे अकरा, चारशे दहा असा उतरत गेला. काम होतंय तशी पानं कमी होणारच, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

चौदाव्या दिवशी दोनशे सहावं पान संपवून त्यांनी 'पुढचं पान' दाबलं, तर समोर कोरं पान आलं. 'या पानावर एकही नोंद नाही.' वर कोपऱ्यात लिहिलेलं, पान २०७, एकूण पानं २०६. शशिकांतरावांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. एकूण दोनशे सहा पानांतलं दोनशे सातवं पान कसं असेल ते त्यांना कळेना. पण संगणकाची काही पद्धत असेल. त्यांनी वहीत लिहिलं, 'समाप्त', आणि भय्यासाहेबांना फोन केला.

"अरे वा जी शशिकांतराव," भय्यासाहेबांचा आवाज फोनमधून हेमलताबाईंपर्यंत पोहोचला. "महिन्याचं काम पंधरा दिवसांत? आम्ही तर समजून राहिलो होतो का डिसेंबर उजाडते. किती ठेवली?"

"चौदाशे साठ."

"बस? म्हणजे अर्ध्या रॅक रिकाम्याच. चलो, अच्छा है. तिथे कॅरम लावू. पोरं तरी येतील."

चौदाशे साठ हा आकडा शशिकांतरावांनाही थोडा कमी वाटला होता. आपण फार कडक झालो, अशी रुखरुख त्यांना लागली. चारशे बाराची दोनशे सहा पानं कशी झाली, हेही एकदा मनात आलं. पण विचारायचं म्हणजे समिधाच्या कामावर बोट ठेवायचं, तेही तिच्या सासऱ्यापुढे. आणि बहुधा आपणच काहीतरी विसरत असू.

काम लवकर झालं म्हणून भय्यासाहेबांनी टेंपोही लवकर बोलावला. तेवीस तारखेच्या रविवारी खूण नसलेली पुस्तकं जाणार, आणि त्याच दिवशी नव्या खोलीत शशिकांतरावांना शाल आणि नारळ. शालीचं ऐकून ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

एकोणीस तारखेला, दुपारच्या चहाला, हेमलताबाई म्हणाल्या, "अहो, माझं ते विणकामाचं पुस्तक ठेवलं ना?"

"कोणतं?"

"'अवघड विणकाम सोपे'. पिवळं, कोपरा कुरतडलेला. तुमचा निळा स्वेटर त्यातूनच तर केला होता. तीनदा बदलून आणलं होतं वाचनालयातून."

शशिकांतरावांना पुस्तक आठवत होतं. स्वेटरही आठवत होता. पण या चौदा दिवसांत ते नाव यादीत आलेलं मात्र आठवत नव्हतं. अ अक्षराचं पुस्तक, म्हणजे सुरुवातीलाच असणार. त्यांनी लॅपटॉप उघडला. छत्तीस वर्षांच्या सवयीविरुद्ध जाऊन, थोडं ओशाळून, पहिलं पान दाबलं.

पहिल्या पानावर वीस पुस्तकं होती. वीसच्या वीस अनोळखी. एकावरही खूण नव्हती. कोरं असायला हवं होतं ते पान भरलेलं होतं, आणि 'ठेवावे', 'काढावे' ही बटणं कोणी हातच लावला नसावा तशी उभी होती.

त्यांनी लॅपटॉप बंद केला.

"सापडलं का?" हेमलताबाईंनी विचारलं.

"बघतो सावकाश," ते म्हणाले.

त्यांचे थोरले भाऊ अंबादास सात वर्षांपूर्वी वारले. शेवटची तीन वर्षं ते विसरत गेले. आधी नावं गेली, मग जेवण झालं की नाही ते, मग घर. सुरुवात कशी झाली ते शशिकांतरावांना चांगलं ठाऊक होतं. अंबादास बँकेत होते, आणि निवृत्तीनंतर सोसायटीच्या सभासदांची यादी तपासायला बसले होते. तपासून झालेली यादी त्यांनी पुन्हा कोरी समजून तपासायला घेतली होती. तेव्हा सगळे हसले होते, अंबादासही.

पहिल्या पानाची वीस नावं आपण तपासली, बटणं दाबल्याचं समजलो, आणि ती दाबलीच नाहीत. नावंही विसरलो. शशिकांतरावांनी असा हिशेब लावला आणि तो त्यांना पटला; वहीतल्या नोंदींशी ताडून पाहायचं सुचलंही नाही. असं किती पानांवर झालं असेल ते देवालाच माहीत. रविवारी टेंपो येणार होता, आणि खूण नाही म्हणून जी पुस्तकं जातील ती त्यांच्या विसरण्यामुळे जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. सदरच्या बाजारातल्या एका बाजूच्या दुकानांची नावं पाट्या न बघता म्हटली. सगळी बरोबर आली. रेकॉर्ड सेक्शनच्या नऊ साहेबांची नावं क्रमाने म्हटली. सातव्याला थोडं अडखळले, पण तो साहेब चारच महिने होता. घरी येऊन त्यांनी कागद घेतला आणि मंडळाला पत्र लिहायला बसले.

हेमलताबाई भाजी निवडायला समोर येऊन बसल्या. "काहून असे गप्प गप्प बसून राहिले कालपासून? काय लिहून राहिले?"

त्यांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यावर एवढंच होतं: 'माझ्या नजरचुकीने'.

हेमलताबाईंनी मेथीची काडी हातात तशीच धरून ते दोन शब्द वाचले. "हे पुन्हा?"

मग शशिकांतरावांनी सगळं सांगितलं. अंबादासांचंही. सांगताना ते टेबलाच्या कडेकडे बघत होते.

हेमलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. भावजींची शेवटची तीन वर्षं त्यांनीही पाहिली होती, त्यामुळे 'तसं काही नसेल' असं त्या उगाच म्हणाल्या नाहीत. "विसरत असाल तर विसरत असाल," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे जाऊ. पण नकाशाच्या वेळी तुम्ही आधी लिहिलं आणि मग शोधलं. आता आधी मोजा. मग लिहा."

"काय मोजू?"

"मला काय माहीत? रेकॉर्ड सेक्शनमध्ये मी होते का?"

शुक्रवारी सकाळी शशिकांतरावांनी भय्यासाहेबांकडून किल्ली मागून घेतली आणि वही घेऊन सराफ्यातला जिना चढले. हॉलमध्ये पुस्तकं आधीच खाली काढून भिंतीला लावून ठेवली होती. खण मात्र जागेवर होते. पहिला खण त्यांनी बाहेर ओढला. कार्डं नावांच्या क्रमाने होती, आणि समिधाने यादी त्याच क्रमाने चढवली होती.

वहीत पहिल्या पानाचा 'पर्यंत' होता 'अंगणातल्या भाज्या'. दुसऱ्या पानाचा 'पासून' होता 'अखेरची पोस्टपेटी'. 'अंगणातल्या भाज्या'चं कार्ड त्यांनी शोधून उभं केलं. मग पुढची कार्डं एकेक करून मोजत गेले. 'अखेरची पोस्टपेटी' येईपर्यंत मधे वीस कार्डं होती.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजली. वीस.

दुसऱ्या पानाच्या शेवटापासून तिसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत: वीस. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत एकवीस निघाली तेव्हा त्यांचं मन खचलं. पण नीट पाहिल्यावर एकाच पुस्तकाची दोन कार्डं चिकटून बसलेली दिसली. एक पेनाने लिहिलेलं, एक टाइप केलेलं. म्हणजे वीसच. मग पाचव्यापर्यंत वीस. सहाव्यापर्यंत वीस.

शशिकांतराव खाली बसले. खिडकीतून सराफ्यातल्या हातोडीचा बारीक आवाज येत होता. भावाचं विसरणं त्यांनी तीन वर्षं जवळून पाहिलं होतं. त्याला कसलाही क्रम नव्हता. आज मुलीचं नाव, उद्या चप्पल, मग एकदम लहानपणचं काहीतरी लख्ख आठवायचं. विसरणारा माणूस असा मोजून, वीस लक्षात ठेवून वीस विसरत नाही. हे काम माणसाच्या डोक्याचं नव्हतं. इथे पानाचा सांधा निसटला होता, आणि दर पानाला निसटला होता.

सांधा कुठे निसटला ते त्यांना कळत नव्हतं. पण पहिल्या विसानंतर एकविसावं यायला हवं होतं, आणि त्यांच्यापुढे एकेचाळिसावं आलं होतं, एवढं नक्की होतं. आयुष्यात प्रथमच चूक आपली नाही याचा पुरावा त्यांच्या हातात होता, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

शनिवारी सकाळी पहिल्या शंभर-दीडशे कार्डांची गठडी नाडीने बांधून, वही घेऊन ते ऑटोने सिविल लाइंसला भय्यासाहेबांकडे गेले. समिधाला एकटीला गाठून सांगावं असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. पण भय्यासाहेब व्हरांड्यातच होते, आणि त्यांच्या हातात शालीचा पुडा होता.

"आलेच का पाहायला? उद्याची वाट नाही पाहवली?" ते म्हणाले. "बसा जी. रंग पसंत आहे का सांगा."

"समिधा आहे का?"

"आहे ना. समिधा बेटा, बाहेर ये. शशिकांतराव शाल बदलायला आले."

समिधा बाहेर आली. भय्यासाहेब उठायची चिन्हं दिसेनात. शशिकांतराव दोन घोट पाणी प्यायले.

"चूक माझीच असेल," ते म्हणाले, आणि थांबले. मग वही उघडून टेबलावर ठेवली. "असेलही. पण हे एकदा पाहून घे. पुस्तकं अर्धीच पाहून झाली आहेत."

"अर्धी म्हणजे?" भय्यासाहेबांनी शाल खाली ठेवली. "तुम्हीच तर म्हटलं का झालं."

समिधाने वही ओढून घेतली. पासून, पर्यंत, सह्या. तिने नाडी सोडली, दोन नावांमधली कार्डं मोजली, आणि पुन्हा एकदा मोजली. "काका, एक मिनिट. तुम्ही पहिल्या पानाची वीसही निकाली काढली आणि मग पुढचं पान दाबलं?"

"हो. सगळ्या पानांना तसंच."

"अरे बाप रे," ती हळूच म्हणाली. "बाबा, गलती मेरी है. यांची नाही."

"मला समजेल असं सांग," भय्यासाहेब म्हणाले.

समिधाने कार्डं टेबलावर वीस-वीसच्या तीन चळतींत मांडली. "हे बघा. काकांनी ही पहिली चळत संपवली. ती यादीतून गेली." तिने ती उचलून खुर्चीवर ठेवली. "मग ही दुसरी सरकून पहिली झाली. आता काकांनी दुसरं पान मागितलं. मी कॉम्प्युटरला शिकवलेलं, दुसरं पान म्हणजे वरची वीस सोड आणि पुढची वीस दे. त्याने ही वरची सोडली." तिने बोट ठेवलं. "ही काकांनी बघितलीच नव्हती. त्याने सरळ तिसरी दाखवली. दरवेळी तेच."

भय्यासाहेबांनी तिन्ही चळतींकडे पाहिलं. "म्हणजे लायनीतले पहिले वीस जण तिकीट घेऊन गेले, मागचे पुढे सरकले, आणि खिडकीवाला म्हणते, वीस सोडून या."

"तेच."

"मग तू तपासून नाही पाहिलं काहून?"

"पाहिलं ना, बाबा. पानं उलटून पाहिली, सगळी बरोबर आली. खुणा करत करत नाही उलटली." ती शशिकांतरावांकडे वळली. "सॉरी, काका. तुम्ही मागे एकदाही नाही गेलात का? बाकी कोणी असतं तर दहा वेळा मागेपुढे केलं असतं. पहिल्या दिवशीच कळलं असतं."

"झालेलं पान उघडायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती," शशिकांतराव म्हणाले. "म्हणजे तेवढी चूक माझी."

"घ्या," भय्यासाहेब म्हणाले. "काही ना काही आपल्या नावावर चढवल्याशिवाय यांना चहा पचत नाही."

समिधा लॅपटॉप आणून बसली. "आता मी पानं मोजणारच नाही. तुम्ही शेवटचं जे नाव बघितलं ते लक्षात ठेवीन, आणि त्याच्या पुढची वीस मागीन. मग मधली कितीही निघून गेली तरी फरक नाही पडणार."

"रजिस्टरात तसंच असायचं," शशिकांतराव म्हणाले. "मागच्या पानाची शेवटची नोंद पुढच्या पानाच्या डोक्यावर. तांबड्या शाईने."

"तो फिर आप ही बना देते, काका," समिधा म्हणाली.

शशिकांतरावांना गंमत कळली नाही. ते विचारात पडले होते. "एकाच नावाची दोन पुस्तकं असली तर? एक ह्या पानाच्या शेवटी आलं आणि दुसरं पुढच्या पानाला जायचं असलं, तर नावाच्या पुढचं मागितल्यावर ते दुसरं राहून जाईल. नाव एकटं पुरायचं नाही. आम्ही नकाशाच्या नावासोबत दाखल क्रमांकही लिहायचो."

समिधाची बोटं थांबली. तिने बाजूच्या कागदावर लिहून घेतलं: नाव आणि दाखल क्रमांक, दोन्ही.

"टेंपोवाल्याला काय सांगू?" भय्यासाहेबांनी विचारलं.

त्यांनी फोन उचलला, आणि टेंपोवाल्याला तीस तारखेला सकाळी यायला सांगितलं. मग बराच वेळ त्याचं ऐकून घेत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "कॅरम तर गेला." शालीचा पुडा त्यांनी खाकेत मारला आणि आत नेऊन ठेवला. "ही कुठे पळून नाही जात."

उरलेली पानं दोनशे सहा होती आणि दिवस आठ. शशिकांतरावांनी रोजची सव्वीस पानं आखली. एवढी एकट्याने होण्यासारखी नव्हती, म्हणून हेमलताबाई बाजूला बसून नावं मोठ्याने वाचू लागल्या. आता दर पानाच्या डोक्यावर मागच्या पानाचं शेवटचं नाव येत होतं, फिक्या तांबड्या अक्षरात. रंग समिधाने मुद्दाम निवडला होता, पण तसं ती बोलली नाही. शशिकांतराव ते नाव वहीतल्या 'पर्यंत'शी ताडून बघत आणि मगच पहिल्या पुस्तकाला हात घालत.

पहिल्याच दिवशी पिवळं पुस्तक आलं.

"'अवघड विणकाम सोपे'," हेमलताबाईंनी वाचलं.

शशिकांतराव बटणावर बोट धरून थांबले. हे पुस्तक गेल्या वीस वर्षांत कोणी नेलं नसणार. कोपरा कुरतडलेला. आपण ते वाचनालयासाठी ठेवतो आहोत की घरासाठी, याचा त्यांना निर्णय होईना.

"माझ्याकडे नका बघू," हेमलताबाई म्हणाल्या. "मंडळाचं काम आहे."

त्यांनी 'ठेवावे' दाबलं, आणि वहीच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवलं की हा निर्णय शंकास्पद आहे.

एकोणतीस तारखेला दुपारी साडेतीनला शेवटचं पान संपलं. ठेवायची पुस्तकं दोन हजार नऊशे चौऱ्याऐंशी झाली होती. शशिकांतरावांनी 'पुढचं पान' दाबलं. 'या पानावर एकही नोंद नाही.'

"झालं?" हेमलताबाईंनी विचारलं आणि उठायला टेबलावर हात टेकला.

"थांब," ते म्हणाले.

त्यांनी मागे जाऊन पहिलं पान उघडलं. तिथेही काही नव्हतं. जरा वेळाने पुन्हा एकदा उघडून पाहिलं. मग वहीत तारीख घातली, सही केली आणि भय्यासाहेबांना फोन लावला.